एकोणीस नंबरचं हाड

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

भरपूर आशीर्वाद. डॉक्टरांनी वाकायला, ओझं उचलायला आणि मांडी घालायला मनाई केली आहे, त्यामुळे आशीर्वाद देणं एवढंच काम सध्या मला जमतं.

खुबा बदलून घरी आलो. झिजलेलं हाड काढलं, धातूचं बसवलं. वॉकर धरून मी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जातो आणि परत येतो. तुझी वहिनी दोन्ही हात पसरून मागून चालते. काल मी मुद्दाम जरा डगमगून दाखवलं. त्यावर तिनं जे सुनावलं, ते माझ्या या कानांनाही स्पष्ट ऐकू आलं.

कान आहेत तसेच आहेत. छापखान्यातल्या यंत्रांनी खाल्ले, ते काही परत मिळायचे नाहीत. म्हणून फोन करत जाऊ नकोस, पत्रच लिही. फोनवर तू बोलतेस, मी नुसता हो हो करतो, आणि मी कशाला हो म्हटलं ते नंतर वहिनीला शोधून काढावं लागतं.

पाय उत्तम आहे. पाठ मात्र रात्री ठणकते. इतके दिवस पलंगाला खिळून राहिल्यावर कोणाची ठणकणार नाही? गादी बदलीन म्हणतो.

मागच्या पत्रात तू रडगाणं लावलं होतंस, की आजारी हाडं हवी तेवढी मिळतात, पण त्यांच्याशी ताडून बघायला निरोगी हाड मिळत नाही. मिळेल. कसं ते विचारू नकोस. कॉलेजात तुला बेडूक हवा होता, तेव्हा गुडघाभर चिखलात कोण उतरलं होतं? आणि तुझं काम नक्की काय आहे, ते एकदा मला समजेल असं लिही. लोक विचारतात, आणि मी आपला "ती हाडं फोडते" म्हणून मोकळा होतो.

दादा

२९ जानेवारी

दादा,

नमस्कार. तुझ्या वाटचंही मीच वाकले आहे.

हाडं फोडते हे काही खोटं नाही. पण ऐक. आपल्या शरीरात काही पेशी सफाईचं काम करतात. जंतू, मेलेल्या पेशी, जे नको ते गिळून टाकतात. त्यांना आम्ही भक्षक पेशी म्हणतो. रोगाशी लढणाऱ्या फौजेतल्याच या, अगदी घरच्या. आता कॅन्सर कुठे एका जागी झाला, छातीत म्हण किंवा प्रोस्टेट ग्रंथीत म्हण, की त्याच्या काही पेशी रक्तातून वाहत हाडात येऊन पडतात. बहुतेक तिथेच मरतात. भक्षक पेशी त्यांना गिळतात. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललेलं असतं. पण गिळल्यावर त्या एक रसायन सोडतात. मुळात ते जखम भरून यावी म्हणून असतं, कचरा उचलला, आता नवं वाढू दे, असा निरोप. आणि त्या रसायनावर पोसल्या जातात त्या जिवंत उरलेल्या कॅन्सरच्या पेशी. बाकीच्या लढणाऱ्या पेशीही तो निरोप मिळाला की हात आखडून बसतात. आपल्याच माणसांनी आपलं काम चोख करायचं, आणि त्यावर परक्यानं घर बांधायचं. हे कधी सुरू होतं, ते मला शोधायचं आहे.

त्यासाठी निरोगी हाड लागतं. खुबा बदलताना मांडीच्या हाडाचा जो गोळा काढतात, तो एरवी फेकूनच देतात. ज्यांना कधीही कॅन्सर झालेला नाही अशांचे गोळे आम्ही मागवतो. तुमच्या हॉस्पिटलातूनही येतात. (तुझा मी घेतला नसता. नातेवाइकाचा चालत नाही.) या महिन्यात खरंच बरेच आले. तुझ्या तोंडात साखर पडो.

पण एका गोळ्यानं घात केला. एकोणीस नंबर. निरोगी म्हणून आलेला. निरोगी हाडातल्या भक्षक पेशींना मेलेल्या कॅन्सर पेशी खायला घातल्या, की त्या ते रसायन अगदी थेंबभर सोडतात. या एकोणीस नंबरच्या पेशींनी धो धो सोडलं. यांना कॅन्सर नवा नाही, आधीपासून ओळखीचा आहे, अशा त्या वागतात. नालायक हाड! त्याच्या एकट्यामुळे माझे सगळे आकडे बिघडले. शोधनिबंध पाठवायची मुदत जवळ आली आहे आणि बॉस माझ्यावर डाफरतो आहे.

बॉसचं म्हणणं, डब्यांची अदलाबदल झाली. हाडं बर्फातून काढून हॉस्पिटलनं दिलेले नंबर त्यांच्या डब्यांवर लावण्याचं काम आमची मास्तरीण करते. तंत्रज्ञ आहे ती, पण कोणी पेन जागेवर ठेवलं नाही तरी छडी उगारल्यासारखी बघते, म्हणून मास्तरीण. ती म्हणते, माझ्या हातून चूक झालेली नाही. चूक करणारा प्रत्येक जण असंच म्हणतो.

गादी बदलच. टणक घे.

भिंगरी

६ फेब्रुवारी
(हे पत्र टाकलं नाही)

भिंगरी,

एकोणीस नंबर माझा आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्स आली होती. मी आधीच डॉक्टरांच्या मागे लागलो होतो, की माझं हाड संशोधनाला द्या म्हणून. तू माझी बहीण आहेस हे कोणाला सांगितलं नाही. नंतर कधीतरी तुला चकित करायचं असा बेत होता. नर्सनं एकोणीस नंबर दिला आणि म्हणाली, काका, नाव कुठेही जाणार नाही. मग तिनं एक प्रश्न विचारला. मला ऐकू आला नाही. तिनं पुन्हा विचारला. मग ती ओरडली, "आधी कधी कॅन्सर झाला होता का?" अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. वहिनी शेजारच्या स्टुलावर बसली होती. ती हसली आणि म्हणाली, "छे हो, यांना साधी सर्दी होत नाही." मी म्हटलं, नाही.

सहा वर्षांपूर्वी लघवीच्या त्रासाचं ऑपरेशन झालं होतं, आठवतं? सगळ्या म्हाताऱ्यांचं होतं तसंच माझं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते तसं नव्हतं. प्रोस्टेटचा कॅन्सर होता. वहिनीची धाकटी बहीण कॅन्सरनंच जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. बहिणीचं सगळं हिनंच केलं होतं. रात्री झोपेत उठून "पाणी देते, पाणी देते" म्हणायची. तिला आणखी एक रोगी द्यायचा माझा धीर झाला नाही. ग्रंथी काढून टाकली, डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं, फक्त रक्त तपासत राहा. दोन वर्षं तपासलं. दर वेळी चांगलं निघायचं आणि दर वेळी घरी नवी थाप मारावी लागायची. मग सोडून दिलं.

तू लिहिलं आहेस, यांना कॅन्सर आधीपासून ओळखीचा आहे. हे वाक्य मी तीनदा वाचलं. वहिनी समोर कपड्यांना इस्त्री करत होती. विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, गादी टणक घे म्हणते.

हे पत्र मी टाकणार नाही.

६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. सगळं समजलं, म्हणजे मला समजेल एवढं समजलं. वहिनीलाही थोडं वाचून दाखवलं, तिला त्या भक्षक पेशींची दया आली. म्हणाली, बिचाऱ्या राबतात आणि वर बोलणी खातात.

सहज एक विचारतो. रिकामा माणूस आहे, डोकं चालतं. समजा, त्या मास्तरणीची चूक नसेलच, तर? म्हणजे हाड खरोखरच त्या माणसाचं असेल, तर त्याचा अर्थ काय? आणि तुम्ही त्याला कळवता का? घाई नाही, सवडीनं लिही.

टणक गादी आणली आहे. आता अगदी मजेत झोपतो.

दादा

१८ फेब्रुवारी

दादा,

तुझा प्रश्न वाचून हसू आलं. इथे कोणी विचारला नाही तो तू विचारलास. छापखान्यात चुका शोधायची सवय तुझी जात नाही.

अर्थ एवढाच, की त्या माणसाच्या हाडात कॅन्सर येऊन बसला आहे आणि त्याला पत्ता नाही. तुझ्या पत्रानंतर मी उरलेला तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातला. कॅन्सरच्या पेशी दिसल्या, पण अगदी तुरळक. दुसऱ्या डब्यातून येऊन पडाव्यात इतक्याच. म्हणून बॉस म्हणतो, अदलाबदल. तसं नसेल, तर हे हाड माझ्याकडच्या सगळ्या हाडांपेक्षा मोलाचं आहे. कारण त्यात कॅन्सर अजून थोडा आहे आणि भक्षक पेशी मात्र आधीच फितल्या आहेत. म्हणजे सुरुवात तिथून होते. अशा वेळी माणूस सापडला तर डॉक्टरांच्या हातात पुष्कळ काही असतं. सहा महिन्यांनी, वर्षानं सापडला, मणके पोखरल्यावर, तर फार थोडं.

पण कळवणार कोणाला? आमच्याकडे नाव नसतं. नंबरावरून माणूस शोधता येतो तो फक्त हॉस्पिटलला, आणि तेही आमच्या बॉसनं लिहिलं तरच. चूक आपल्याच टेबलावर झाली असं त्यानं ठरवून टाकलं आहे. एका निरोगी माणसाच्या जिवाला उगीच घोर लावायला तो तयार नाही. परवा एकोणीस नंबर बाद केला. बाद केल्याच्या कागदावर सही माझी आहे.

आणि मास्तरणीला "माझ्याकडून चूक झाली" असं लिहून द्यायला सांगितलं. तिनं नकार दिला. सगळ्यांसमोर खूप बोलाचाली झाली. बॉसनं तिला कामावरून थांबवलं आहे, एक तारखेपासून तिच्या जागी दुसरं कोणी येईल. जाताना माझ्या टेबलापाशी उभी राहिली. म्हणाली, "डबा मी बदललेला नाही, मॅडम. माझं जाऊ दे. त्या माणसाला कोणीतरी सांगा." मी कामात असल्यासारखं दाखवलं. तेव्हापासून मला बरं वाटत नाही.

तुला हे सगळं लिहिते, कारण तू दूर आहेस आणि तुझा याच्याशी काही संबंध नाही. मन हलकं होतं.

भिंगरी

२७ फेब्रुवारी

भिंगरी,

बसून वाच.

एकोणीस नंबर मी आहे. तू म्हणशील हा म्हातारा थट्टा करतो आहे. थट्टा नाही. यासोबत एक पत्र आहे, सहा तारखेला लिहून टाकलं नव्हतं. ते आधी वाच. कारणं त्यात आहेत, पुन्हा लिहायचं बळ नाही.

ते वाचलंस? आता पुढचं. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. पहिले दोन दिवस मी ठरवलं होतं, गप्प राहायचं. माझ्या जिवाचं मी बघून घेईन, आहेत तेवढे दिवस वहिनीबरोबर नीट जातील, निदान घरात रडारड नको. पण ती मास्तरीण काही डोक्यातून जाईना. यंत्रात हात सापडला तर कामगाराचीच चूक, असं म्हणणारे मालक मी जन्मभर बघितले, त्यांच्याशी भांडलो, दोनदा संप केला. आणि आता खोटं बोललो मी आणि घरी बसली ती बाई. तिचं कसं होणार, घरी कोण कोण आहे, मला काही माहीत नाही. काल रात्री वाटलं, हे असंच राहिलं तर मला कॅन्सरच्या आधी शरमच मारील.

तिनं डबा बदललेला नाही. हे तुझ्या बॉसला जाऊन सांग. माझं नाव सांग, सहा वर्षांपूर्वीचे कागद माझ्या पेटीत आहेत, हवे तर पाठवतो. एक तारखेच्या आत हे झालं पाहिजे, म्हणून हे पत्र कुरियरनं पाठवतो आहे.

पाठ गादीमुळे दुखत नाही, हे आता तुला कळलंच असेल. ती ऑपरेशनच्या आधीपासून दुखते.

दोन गोष्टी मागतो. वहिनीला यातलं काही कळता कामा नये. आणि तू येऊ नकोस. तुझ्या निबंधाची मुदत आहे, आणि तू अचानक दारात उभी राहिलीस की ती लगेच ओळखेल.

दादा

१ मार्च

दादा,

पत्र काल दुपारी मिळालं. बसून वाच म्हणाला होतास, मी लॅबमध्ये उभ्यानंच वाचलं, मग खाली फरशीवर बसले.

आधी तुला जे हवं आहे ते सांगते. तुझं पत्र घेऊन मी तशीच बॉसकडे गेले. त्यानं दोनदा वाचलं. मग स्वतः मास्तरणीला फोन लावला, माझ्यासमोर माफी मागितली. आज ती कामावर आली. मीही तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या. भावाला डॉक्टरकडे नेलं का?"

आता माझं ऐक. मला तुझा फार राग आला आहे. सहा वर्षं! मी याच रोगावर काम करते, सगळं आयुष्य त्यात घातलं, आणि माझा सख्खा भाऊ मला विचारतो, सहज एक विचारतो म्हणून! आणि तू पाठ ठणकते म्हणालास, तेव्हा मी तुला काय सांगितलं? गादी टणक घे. तुझ्या हाडाला मी नालायक म्हटलं, दादा. सही करून बाद केलं. ते भिंगाखाली बघताना ते तुझं आहे हे मला कळायला हवं होतं असं वेड्यासारखं वाटत राहतं. कळणं शक्य नव्हतं, हे मलाही माहीत आहे.

चार तारखेला सकाळी तुमच्या मोठ्या हॉस्पिटलात हाडांचा स्कॅन आणि रक्ततपासणी आहे, म्हणून हे पत्र मीही कुरियरनंच पाठवते आहे. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलले आहे. त्यांना सगळं माहीत आहे, थापा मारू नकोस. त्यांना लेखी प्रश्न विचारायला सांगितलं आहे, म्हणजे ओरडावं लागणार नाही.

वहिनीबद्दल तुझं मी ऐकणार नाही. इलाज सुरू झाला की इंजेक्शनं येतील, थकवा येईल, घाम फुटेल, चिडचिड होईल. हे तू कोणत्या थापेत बसवणार आहेस? मी सांगणार नाही. तू सांगायचं, स्कॅनच्या आधी. तिनं बहिणीचं सगळं केलं म्हणून ती मोडली असं तू समजतोस. मला तर ती तेव्हा घरातली सगळ्यात खंबीर बाई वाटली होती.

घाबरवत नाही आणि खोटा धीरही देत नाही. लवकर सापडलंय असं मला वाटतं. नक्की स्कॅननंतरच कळेल.

तू येऊ नकोस म्हणालास. निबंधाची काळजी करू नकोस, ती मुदत मी सोडली. पण तू नको म्हणालास तर मी खरंच येणार नाही. फक्त एकदा खरं सांग, येऊ का?

भिंगरी

९ मार्च

भिंगरी,

रिपोर्ट आला. खुब्याच्या भोवती आहे आणि कंबरेच्या एका मणक्यात आहे. बाकी कुठे नाही. मणका पोखरलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, की पूर्ण जाणार नाही, पण दाबून ठेवता येईल, आणि तशी बरीच वर्षं काढलेले लोक त्यांच्याकडे आहेत. परवापासून इंजेक्शन. मणक्याला किरणंही देणार आहेत.

वहिनीला तीन तारखेला संध्याकाळी सांगितलं. चहा घेत होतो. मी सगळं एका दमात बोललो आणि खाली बघत राहिलो. मान वर केली तर तिचे ओठ हलत होते, पण मला ऐकू येईना. मी कान पुढे केला. पुन्हा ऐकू आलं नाही. शेवटी तिला ओरडून विचारावं लागलं, "सहा वर्षं तुम्ही एकटेच घाबरत होतात?" शेजारच्यांनीही ऐकलं असणार. ती रडली, मग माझ्यावर चिडली, मग उठून जुने कागद पेटीतून काढून तारखेप्रमाणे लावायला बसली. स्कॅनला माझ्याबरोबर आली. आत जायच्या आधी माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, तिथे ते लगेच काढायला लावतात तरी. तुझं खरं होतं, ती मोडलेली नाही. मोडलो होतो मी, आणि नाव तिचं सांगत होतो.

मास्तरणीला माझा नमस्कार सांग. भावाला डॉक्टरकडे नेलं म्हणावं.

निबंधाची मुदत सोडलीस ते मला आवडलं नाही. पुढच्या खेपेला पाठव, आणि एकोणीस नंबर पुन्हा आत घे. बाद केलेला मला चालणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आठवडाभर टाळतो आहे. आई-बाबा गेल्यापासून तुझ्यासमोर मी कधी घाबरलो नाही, निदान तसं दाखवलं नाही, थोरल्यानं दाखवायचं नसतं असं मीच ठरवून टाकलं होतं. पण रात्री पाठ ठणकायला लागली की मी जागा होतो, आणि आत काय चाललं असेल ते आता मला समजतं. तूच समजावून सांगितलं आहेस.

मला भीती वाटते, भिंगरी. ये.

दादा